दसरा, गर्दी आणि चाषदर्शन

सण आणि सुटी या दोन भिन्न वस्तू आहेत, हे आपण आजकाल विसरत चाललो आहो. सण माणसांना घरात बोलावतो, सुटी त्यांना घराबाहेर काढते. दोन्ही एकत्र आली म्हणजे गृहस्थाची ओढाताण होते, आणि दोन सुट्या एकाच दिवसावर येऊन बसल्या म्हणजे रस्त्यांची. सन 2025 मध्ये विजयादशमी व गांधीजयंती या दोहोंचा योग 2 ऑक्टोबरला जुळून आला. अन्य गावी एक सुटी बुडाली म्हणून नोकरदार मंडळी फार तर हळहळली असतील. वर्ध्याची गोष्ट निराळी. सेवाग्रामची बापूकुटी आमच्यापासून आठ किलोमीटरवर, पवनारचा विनोबांचा आश्रम जवळपास तितक्याच अंतरावर, आणि बोर धरणाची भिंत ही तर सहकुटुंब सहलीची ठरलेलीच जागा. त्यात पुन्हा पाऊणशे किलोमीटरवर नागपूरची दीक्षाभूमी. 14 ऑक्टोबर 1956 रोजी, म्हणजे त्या वर्षीच्या विजयादशमीलाच, तेथे झालेल्या धम्मदीक्षेचे स्मरण ठेवून शुभ्र वस्त्रे ल्यालेली मंडळी आदल्या दिवसापासूनच आगगाड्या भरभरून या वाटेने जात असतात. सारांश, त्या दिवशी वर्ध्याच्या चारही दिशांना माणसेच माणसे होती.

अशा दिवशी पक्षी पाहावयास निघणे म्हणजे जत्रेत ध्यानाला बसण्यासारखे आहे, असे आमचे एक स्नेही म्हणतात. पक्ष्यांना शांतता हवी, सुटीला गोंगाट हवा. तेव्हा ज्याला पक्षी पाहावयाचे असतील त्याने साधा वार पाहून निघावे, हा त्यांचा उपदेश. उपदेश वरकरणी बिनतोड आहे. तथापि साध्या वारी मुले शाळेत असतात, मुलगे-सुना कामावर असतात, आणि घरात उरतात ते आमच्यासारखे पेन्शनर. एकट्या पेन्शनराने पक्षी पाहिला काय आणि न पाहिला काय! तीन पिढ्या मिळून पाहावयाचा असेल तर तो सुटीच्याच दिवशी पाहिला पाहिजे. आणि दसऱ्याच्या दिवशी पाहावयाचा पक्षी तर आपल्या पूर्वजांनी नेमूनच दिलेला आहे.

तो पक्षी म्हणजे चाष. मराठीत त्यास नीलपंख म्हणतात, हिंदी मुलखात नीलकंठ. अमरसिंहाने आपल्या कोशात चाषाला ‘किकीदिवि’ असा दुसरा, उच्चारताच हसू यावे असा शब्द दिला आहे. पूर्वी वर्गात तो शब्द आला की मुले हसत, आणि हसली म्हणूनच तो त्यांच्या लक्षात राही. नावांचा विषय निघालाच आहे तर सांगतो की, नीलकंठ या नावाने या पक्ष्यास शंकराचे सादृश्य लाभले असले तरी त्याचा कंठ निळा नसतो. तो तांबूस-तपकिरी, फिकट रेघांचा असतो. निळाई आहे ती पंखांत, शेपटीत आणि डोक्याच्या माथ्यावर. तेव्हा मराठीने ठेवलेले नीलपंख हेच नाव अधिक खरे. तारेवर बसलेला असता हा पक्षी इतका मातकट दिसतो की अनोळखी मनुष्य त्याला ओलांडून पुढे जावा. पंख उघडले की मात्र गडद व फिकट निळ्याचे असे पट्टे झळकतात की पाहणाऱ्याचे बोलणे मध्येच थांबते. सन 2018 मध्ये येथील बहार नेचर फाउंडेशनच्या पुढाकाराने वर्धेकरांनी आपला शहरपक्षी निवडण्यासाठी मतदान केले, तेव्हा याच नीलपंखाची निवड झाली. कर्नाटक, ओडिशा व तेलंगण या तीन राज्यांनीही त्याला आपला राज्यपक्षी मानले आहे.

दसऱ्यास याचे दर्शन शुभ का? शास्त्रीबुवा एक उत्तर देतील, शेतकरी दुसरे देईल. आमच्या मते दोन्ही उत्तरे एकाच ठिकाणी येऊन मिळतात. पावसाळा सरला की शेतांतून व माळांवर नाकतोडे, भुंगेरे, रातकिडे यांची रेलचेल असते. आमच्या जिल्ह्यात याच सुमारास सोयाबीनची सोंगणी चालू होते, आणि विळा फिरला की लपलेले किडे उघड्यावर पडतात. नीलपंख हा दाट रानाचा पक्षी नव्हे; तो मोकळ्या शेतीचा, धुऱ्यावरच्या बाभळीचा, विजेच्या तारेचा पक्षी. उंचावर बसून तो खाली टक लावून पाहतो, झेप घेऊन किडा उचलतो आणि पुन्हा आपल्या जागी येऊन बसतो. पीक हाती येण्याच्या दिवसांत पीक खाणाऱ्यांना खाणारा पाहुणा बांधावर दिसला तर शेतकऱ्याने त्याला शुभ मानू नये तर कोणाला मानावे?

शास्त्राकडे पाहिले तरी हेच दिसते. वराहमिहिराने बृहत्संहितेत खंजन पक्ष्याच्या दर्शनाला एक अध्याय दिला आहे. हाच आपला धोबी किंवा परीट, पावसाळा संपता संपता उत्तरेकडून येणारा व शेपूट सतत खालीवर हालवणारा. पक्षी कोणत्या जागी बसलेला दिसला, यावर त्याचे फळ अवलंबून आहे, असे तेथे सांगितले आहे. फलज्योतिष क्षणभर बाजूला ठेवा. पक्षी दिसला एवढ्यावर न थांबता तो कोठे बसला होता हे नीट पाहा, असे सहाव्या शतकातील एक विद्वान आपल्याला सांगत आहे; आणि आजचा पक्षिनिरीक्षक आपल्या वहीत पहिली नोंद हीच करतो. चाषाचा मान तर त्याहून जुना. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ओषधिसूक्तात, तू या चाषाबरोबर उडून जा, असे रोगाला उद्देशून म्हटले आहे. हा संदर्भ आम्ही शाळेत अनेक वेळा सांगितला असेल. परंतु त्याचा खरा उपयोग त्या दसऱ्याच्या आधी दोन दिवस आमच्याच ओसरीवर झाला, म्हणून ती हकीकत येथे सांगणे प्राप्त आहे.

आमच्या थोरल्या वहिनींचे वय अठ्ठ्याहत्तर. आषाढात त्यांना न्यूमोनिया झाला व तीन आठवडे त्या अंथरुणाला खिळून होत्या. बऱ्या होऊन घरी आल्या, परंतु बोलणे कमी झाले. जेवणाच्या पानावर बसल्या तरी चित्त दुसरीकडे असे. नवरात्र बसले तेव्हा त्यांनी एकच इच्छा बोलून दाखवली. त्यांचे माहेर आर्वीकडचे. लहानपणी दसऱ्याच्या पहाटे त्यांचे वडील सर्व मुलांना घेऊन शिवेपर्यंत जात आणि चाष दिसल्यावाचून परत फिरत नसत. लग्नानंतर साठ वर्षांत तो योग आला नाही. कारण उघड आहे. दसऱ्याच्या पहाटे घरातील पुरुष शिवेकडे निघतात तेव्हा घरातील बायका पुरणाकडे निघालेल्या असतात. “भावोजी,” त्या म्हणाल्या, “या वर्षी एकदा पाहिला असता.” ‘या वर्षी’ या शब्दांवर त्यांनी किंचित भर दिला, आणि त्याचा अर्थ घरात कोणालाच विचारावा लागला नाही.

याच सुमारास आमच्या आळीत एक मनुष्य फिरत होता. दसऱ्याच्या सकाळी झाकलेल्या पिंजऱ्यातून नीलकंठ घरोघर आणू, दर्शनाचे जे मनास येईल ते द्यावे, असे तो सांगे. आमच्या पुतण्याला हे सोयीचे वाटले. आईला मोटारीत बसवून गर्दीतून नेण्यापेक्षा पक्षीच दाराशी आलेला काय वाईट? मुलगा मातृभक्त आहे, त्याचा हेतू शुद्ध होता. आम्ही म्हणालो, सन 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने असा पक्षी धरणे व कोंडणे हा गुन्हा आहे. तो म्हणाला, “काका, गुन्हा तो करतो, आपण नुसते पाहणार.” येथे वाद थोडा चढला. हैदराबादेकडे दसऱ्याच्या सुमारास असे कोंडलेले नीलपंख वनखात्याने सोडवल्याच्या वार्ता आपण वाचतो. त्यांचे पंख कातरलेले असतात, पाय बांधलेले असतात, आणि किडे टिपून खाणारा हा पक्षी पिंजऱ्यात उपाशीच राहतो. पाहणारा पैसा टाकतो म्हणून धरणारा जाळे टाकतो. आणि तो मनुष्य तरी दुष्ट थोडाच होता! त्याच्या पायात वहाण नव्हती. आपल्या श्रद्धेला घाई झाली म्हणून त्याच्या दारिद्र्याला धंदा मिळाला, इतकेच.

तेव्हा आम्ही ओषधिसूक्ताचा तो संदर्भ वहिनींना सांगितला. त्या बराच वेळ वाती वळत बसल्या. मग म्हणाल्या, “ज्याला स्वतःलाच उडता येत नाही, तो माझे दुखणे घेऊन कोठे जाणार? त्याला नको म्हणून सांगा. आणि दिवाळीच्या फराळाचे काही देण्यासारखे असेल तेव्हा त्याला बोलवा.” वाद तेथे संपला. आमच्या चाळीस वर्षांच्या अध्यापनात त्या मंत्राचा इतका थेट अर्थ कोणी लावला नव्हता.

दसऱ्याच्या पहाटे साडेपाचला आम्ही नऊ जण दोन मोटारींतून निघालो. पुरण आदल्या रात्रीच वाटून झाले होते, कारण या वेळी सुनाही येणार होत्या. हे सीमोल्लंघन पुरुषांपुरते नव्हते. गर्दीच्या दिवशी पक्षी पाहण्याचे पहिले सूत्र हे की, गर्दी उठण्यापूर्वी दोन तास आपण उठावे. दुसरे सूत्र हे की, प्रसिद्ध जागा सोडावी. धरणावर जाण्याचे आम्ही मनातही आणले नाही. नागपूर रस्त्याने पवनारपर्यंत जाऊन आम्ही एका पांदण रस्त्याला वळलो. एका हाती सोंगलेले सोयाबीन, दुसऱ्या हाती कपाशी व तुरी, आणि मधून गेलेली विजेची तार. वहिनींना मोटारीतून उतरवले नाही. काच खाली केली आणि पाठीशी उशी दिली. पक्ष्यांना मोटारीपेक्षा उतरलेल्या माणसांचे भय अधिक वाटते, हा सर्व निरीक्षकांचा अनुभव आहे. तेव्हा जी वृद्ध माणसे चालू शकत नाहीत त्यांना पक्षी दिसणार नाहीत, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. बसलेल्या माणसाला पुष्कळदा अधिक दिसते.

अर्धा तास काही दिसले नाही, असे मुलांचे म्हणणे. वस्तुतः कोतवाल दिसले, वेडे राघू दिसले, भारद्वाजाचा घुमणारा आवाज ऐकू आला. परंतु ज्याची वाट पाहावी तो न आला म्हणजे आलेल्यांची गणती होत नाही. नंतर आमच्या सात वर्षांच्या नातीने बोट केले. चौथ्या खांबाजवळ तारेवर एक मातकट, मोठ्या डोक्याचा पक्षी बसला होता. दुर्बीण वहिनींच्या हाती दिली. त्यांचा हात थरथरत होता म्हणून सूनबाईने कोपराखाली आधार दिला. वहिनींनी पाहिले आणि म्हणाल्या, “हा का तो? माझ्या आठवणीत तो निळा होता.”

तो उडेपर्यंत निळा दिसणार नाही, असे आम्ही सांगत आहोत तोच मागून दोन फटफट्या आल्या. चार तरुण होते, अंगावर नवे कपडे, खिशात गाणे वाजत असलेले. आमच्या नजरा वर लागलेल्या पाहून तेही थांबले. त्यांतल्या एकाने विचारले, “काय आहे, आजोबा?” आम्ही सांगितले. दुसऱ्याने मोबाईल काढला आणि तिसऱ्याने खाली वाकून ढेकूळ उचलले. पक्षी उडाला म्हणजे छायाचित्र चांगले निघेल, असा त्याचा सरळ हिशेब. आम्ही काही बोलण्यापूर्वी मोटारीतून वहिनींचा आवाज आला. “बाळा, थांब. मी साठ वर्षे थांबले आहे. तू दोन मिनिटे थांब.”

त्या तरुणाने ढेकूळ खाली ठेवले. टाकले नाही, ठेवले. ही गोष्ट आमच्या मनात राहिली. गाणेही त्याने आपणहून बंद केले. मग आम्ही तेरा माणसे, जी एरवी एकमेकांशी बोललीही नसती, तारेकडे पाहत उभी राहिलो. दोन मिनिटांची सात-आठ झाली असतील. दूरवरून महामार्गावरची वाहने ऐकू येत होती. पक्ष्याने एकदा मान वळवली, एकदा शेपूट हालवली, आणि मग कोणताही गाजावाजा न करता तो खाली झेपावला. सोंगलेल्या सोयाबीनवर निळा पट्टा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. आणि तोंडात नाकतोडा धरून तो तुरीच्या पलीकडे एका बाभळीवर जाऊन बसला. वहिनींनी त्या वेळी दुर्बीण डोळ्यांवरून काढली होती. त्यांनी तो नुसत्या डोळ्यांनीच पाहिला. त्यांनी हात जोडले, आणि त्या तरुणांतील दोघांनीही. ढेकूळ उचलणाऱ्याने निघताना खिशातून आपट्याचे पान काढून वहिनींच्या हाती दिले व पायांना हात लावला.

धाम नदीच्या पात्रातील खडकांवर तीन खंजन दिसले, हेही नमूद करतो. तोवर आठ वाजले होते आणि पवनारच्या आश्रमाकडे येणाऱ्यांची रीघ लागली होती. दशम्या खाऊन आम्ही सेवाग्रामला गेलो, कारण ज्या दिवशी सर्व वर्धा तेथे जाते त्या दिवशी आपण पाठ फिरवणे बरे दिसत नाही. गर्दीत मुलांना बापूकुटीतील एक वस्तू मात्र मुद्दाम दाखवली. 30 एप्रिल 1936 रोजी महात्माजी या गावी, तेव्हाच्या सेगावी, आले. त्या वेळी येथे सापांचा सुळसुळाट होता. साप न मारता धरून दूर रानात सोडून द्यावा, यासाठी वापरलेला लाकडी चिमटा व पेटी तेथे जपून ठेवली आहे. पिंजऱ्यासारखीच वस्तू, पण पकडावयाचे ते सोडण्यासाठी. पुतण्या त्या पेटीपुढे जरा अधिक वेळ उभा राहिला. आम्ही काही बोललो नाही. सणाच्या दिवशी मोठ्या मुलाला शिकवू नये.

सुटीचा दिवस आणि पक्षी यांचा संबंध अन्य देशांतही असाच दोन्ही तऱ्हांचा राहिलेला आहे. अमेरिकेत नाताळच्या सुटीत तट पाडून शिकारीस जाण्याची चाल होती. ज्या तटाची शिकार अधिक तो जिंकला. सन 1900 च्या नाताळात फ्रँक चॅपमन नामक पक्षिशास्त्रज्ञाने, मारण्याऐवजी मोजावे, अशी सूचना केली आणि पहिल्या वर्षी 27 जण मोजणीस निघाले. ती गणना आजतागायत चालू आहे. तामिळनाडूत पोंगलच्या सुटीत आता अशीच पक्षिगणना होते. चाल मोडली नाही, तीच चाल चांगल्या कामाला लावली. यातले मर्म आपण ओळखले पाहिजे. दसऱ्याचे चाषदर्शन आपल्याकडे आयतेच आहे. फक्त पिंजरा बाजूला करून वही हाती घ्यावयाची आहे.

आणि वही घेण्याची निकडही आहे. सन 2023 मध्ये भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी जो मोठा अहवाल प्रसिद्ध झाला तो सुमारे तीस हजार निरीक्षकांच्या तीन कोटींवर नोंदींतून सिद्ध झाला. हे निरीक्षक बहुतांशी आपल्यासारखेच हौशी लोक. त्यांच्या नोंदींवरून असे दिसले की, जो नीलपंख आपण सर्वत्र दिसणारा म्हणून गृहीत धरतो त्याची संख्या 30 टक्क्यांहून अधिक घटली आहे. हा पक्षी आपले घरटे जुन्या झाडांच्या ढोलीत करतो, आणि ढोली स्वतः कोरीत नाही. धुऱ्यावरचे वठलेले झाड सरपणास गेले की त्याचे घर गेले. आणि किडा विषाने मेला की त्याचे अन्न गेले. ज्याचे दर्शन दुर्मीळ होते त्याची किंमत वाढते, आणि किंमत वाढली की पिंजरा अधिक लवकर दाराशी येतो. हे चक्र शुभ नव्हे.

वाचकांस आमची विनंती एवढीच. पुढील दसऱ्यास घरातील सर्वांत वृद्ध व सर्वांत लहान माणूस बरोबर घेऊन पहाटे शिवेपर्यंत जावे. मोटारीची काच खाली करावी, आवाज खाली करावा. पक्षी दिसल्यास त्याला उडवू नये. तो उडेल तेव्हा उडेल. शेजारी कोणी अनोळखी येऊन उभा राहिला तर त्याच्या हाती दुर्बीण द्यावी. गर्दीला आपण जे दाखवू ते ती पाहते, आणि काहीच न दाखवल्यास ती ढेकूळ उचलते. दसऱ्याला न जमले तर 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह आपल्या राज्यात पाळला जातो. मारुती चितमपल्ली व सलीम अली या दोघांच्या जन्मदिवसांमधील हे दिवस. आणि भिंतीवर पंचांग टांगतो त्याच खिळ्याला एक वही टांगावी. आमच्या घरच्या वहीत नातीच्या मोठ्या, वाकड्या अक्षरात त्या दिवशीची नोंद अशी आहे: चाष 1, खंजन 3, जागा पवनारची पांदण, वेळ सव्वासात, पाहणारे 13.